घरच्या डेस्कटॉपची रॅम वाढवायचीय? आधी हे बघा, मग कॅबिनेट उघडा

पीसी हळू चालायला लागला की कोणीतरी सांगतंच, अरे रॅम टाक. सल्ला बरेचदा बरोबर असतो पण दरवेळी नाही, आणि आणलेली रॅम स्लॉटमध्ये बसलीच नाही किंवा बसली पण फरक काहीच पडला नाही की मग सगळा दोष रॅमवर जातो. खरं तर बसवायचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे, ज्याला स्क्रूड्रायव्हर धरता येतो तो कोणीही करू शकतो. डोकं लागतं ते त्याच्या आधी, कुठली घ्यायची हे ठरवताना, म्हणून इथे जास्त बोलणार आहे ते त्याबद्दलच.

सगळ्यात आधी, रॅम खरंच कमी पडतेय का ते बघून घ्या. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर क्लिक करा. हे रिकाम्या डेस्कटॉपवर बघून काही उपयोग नाही हां. रोज जे जे करता ते सगळं उघडा, ब्राउझरचे वीस टॅब, एक्सेलच्या फाइली, फोटो एडिटिंग, गेम, जे काही असेल ते, आणि मग आकडे बघा. इन यूजचा आकडा एकूण रॅमच्या ८५-९० टक्क्यांच्या वर चिकटून बसला असेल आणि कमिटेडमधला पहिला आकडा तुमच्या एकूण रॅमपेक्षाही मोठा दिसत असेल तर बहुतेक रॅमच कमी पडतेय, विंडोज न मावलेला माल डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ढकलत बसलंय आणि प्रत्येक वेळी विंडो बदलली की तो परत आणतंय, म्हणून ते अडकत अडकत चालतं. तिथेच कॅश्ड म्हणून एक मोठा आकडा दिसतो, तो बघून घाबरू नका, ती विंडोजने वेगासाठी वापरात घेतलेली मोकळी रॅम असते, कुठल्या प्रोग्रॅमला लागली की लगेच सोडून देतं.

उलट अर्धी रॅम मोकळी आहे आणि तरी पीसी रडतोय, तर रॅम वाढवून काहीही होणार नाही. अशा वेळी त्याच टास्क मॅनेजरमध्ये डिस्कवर क्लिक करा, जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर ती तिथे १०० टक्के दाखवत बसलेली असते. माझं मत विचाराल तर ज्याचं विंडोज अजून हार्ड डिस्कवर आहे त्याने आधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घ्यावी, रॅमचा विचार नंतर.

आणखी एक गोष्ट, जुन्या पीसीवर ३२ बिट विंडोज असेल तर ते ४ जीबीच्या पुढे रॅम वापरूच शकत नाही, त्यातही प्रत्यक्षात सव्वातीन-साडेतीन जीबीच हाती लागते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथे ६४ बिट लिहिलंय का बघा. नसेल तर आधी विंडोज बदलायला लागेल.

किती घ्यायची? विंडोज ११ ची कागदावरची किमान अट ४ जीबी आहे पण तेवढ्यात ते नुसतं सुरू होतं एवढंच म्हणायचं. मेल, यूट्यूब, थोडं टायपिंग यासाठी ८ वर भागतं. आज नवीन पैसे घालणार असाल तर १६ च्या खाली जाऊ नका, आणि व्हिडिओ एडिटिंग, व्हर्च्युअल मशीन किंवा मोठे गेम असतील तर ३२. त्याच्या पुढे कोणाला लागते त्याला ते आपोआप माहीत असतं.

आता मुख्य भाग, तुमच्या बोर्डला, म्हणजे मदरबोर्डला, कुठली रॅम चालते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या तीन पिढ्या आहेत आणि त्या एकमेकांच्या जागी अजिबात चालत नाहीत. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ आणि डीडीआर५ दोघांना २८८, पण खालच्या कडेला जी खाच असते तिची जागा प्रत्येकाची वेगळी, म्हणून चुकीची पिढी स्लॉटमध्ये जातच नाही. व्होल्टेजही वेगळं, डीडीआर३ ला १.५, डीडीआर४ ला १.२ आणि डीडीआर५ ला १.१ व्होल्ट. प्रोसेसरवरून अंदाज येतो पण पक्कं कळत नाही, म्हणजे एएमडीचा एएम४ सॉकेट असेल तर डीडीआर४ आणि एएम५ असेल तर डीडीआर५ हे सरळ आहे, पण इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या जनरेशनचे प्रोसेसर दोन्ही प्रकारांवर चालतात, कुठली लागणार हे मदरबोर्डवर ठरतं. त्यामुळे आय५ बारावी जनरेशन एवढंच सांगून रॅम मागवू नका.

पीसी न उघडता बघायचं असेल तर सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाका. त्यात मेनबोर्ड टॅबवर बोर्डचं मॉडेल दिसतं, मेमरी टॅबवर पिढी आणि एकूण रॅम, आणि एसपीडी टॅबवर एकेका स्लॉटमध्ये कुठली स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, आहे, कंपनी कुठली, पार्ट नंबर काय, सगळं. मेमरी टॅबवर डीरॅम फ्रिक्वेन्सी १६०० दिसली आणि तुमची रॅम ३२०० ची (हा तिचा वेग) म्हणून घेतलेली असेल तर फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका, डीडीआर प्रत्येक क्लॉकला दोनदा डेटा पाठवते, तो आकडा दुप्पट करून वाचायचा. लिनक्सवाल्यांना डीएमआयडीकोड या कमांडला मेमरी टाइप सांगून हेच सगळं टर्मिनलमध्ये मिळतं. किती स्लॉट आहेत आणि किती भरलेत हे टास्क मॅनेजरच्या त्याच मेमरी पानावर स्लॉट्स यूज्ड म्हणून लिहिलेलं असतं. आणि फॉर्म फॅक्टरसमोर डीआयएमएम लिहिलंय की एसओडीआयएमएम तेही तिथेच बघा, छोटे मिनी पीसी आणि ऑल-इन-वन यांच्यात बरेचदा लॅपटॉपवाली आखूड स्टिक असते, लांब स्टिक घेऊन बसाल तर ती आत मावणारच नाही.

बोर्डचं मॉडेल कळलं की कंपनीच्या साइटवर जाऊन त्याचं स्पेसिफिकेशनचं पान वाचा, कंटाळा करू नका. तिथे एकूण कमाल रॅम, एका स्लॉटला कमाल किती आणि कुठला वेग चालतो हे लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ इंटेलच्या जुन्या एच६१ चिपसेटच्या बोर्डांना दोन स्लॉट आणि कमाल १६ जीबी. इंटेलच्या चौथ्या जनरेशनपर्यंतच्या डेस्कटॉपवर डीडीआर३ ची १६ जीबीची एकच स्टिक चालत नाही, जास्तीत जास्त ८ ची. एच३१० किंवा बी३६० बोर्डवर ३२०० ची डीडीआर४ लावलीत तर ती बसेल, चालेल, पण २६६६ नेच चालेल. वेगवान रॅम हळू बोर्डवर लावल्याने काही बिघडत नाही, फक्त जादा वेगाचे पैसे पाण्यात.

कंपनीचा तयार डेस्कटॉप असेल, म्हणजे ऑफिसमध्ये असतात तसले, तर अजून एक भानगड. त्यांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपीचा, म्हणजे रॅमला पाकिटावरच्या जादा वेगाने चालवायचा, पर्याय बहुतेक वेळा नसतोच. गेमिंगवाली ३२०० ची स्टिक, जी १.३५ व्होल्टवर सीएल१६ ने (सीएल काय ते पुढे येतंच) चालायला बनवलेली असते, ती अशा मशीनमध्ये खाली उतरून २१३३ किंवा २४०० वर बसते. अशांनी साधी, उघडी, हीटसिंक नसलेली १.२ व्होल्टची ३२०० सीएल२२ घ्यावी, ती स्टँडर्ड वेगाची असते, बोर्डला तो वेग चालत असेल तर न सांगता तेवढ्यावर चालते.

सीएल म्हणजे काय ते थोडक्यात. मागितल्यापासून डेटा यायला किती क्लॉक लागतात तो आकडा, आणि तो एकटा वाचून काही कळत नाही. सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद, आणि डीडीआर५ ६००० सीएल३० म्हणजे तेही १० च. म्हणून डीडीआर५ चा सीएल मोठा दिसतो म्हणून ती हळू, असं कोणी म्हटलं तर हा हिशोब करून दाखवा. घरच्या वापरात मात्र सीएल१६ आणि सीएल१८ मधला फरक डोळ्याला दिसत नाही, त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. तेच रंगीत दिव्यांचं, ज्याला आवडतं त्याने घ्यावेत, रॅम तेवढीच राहते.

एक मोठी स्टिक की दोन छोट्या हा प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे. घरगुती डेस्कटॉपमध्ये मेमरीचे दोन चॅनल असतात, एकाच स्टिकवर एकच चॅनल चालतं. डीडीआर४ ३२०० एका चॅनलवर सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन चॅनलवर ५१.२. वर्ड-एक्सेलमध्ये हे जाणवत नाही, पण ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालवतात, त्यांना गेममध्ये फरक लगेच दिसतो कारण ते ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. म्हणून १६ हवी असेल तर ८-८ च्या दोन. चार स्लॉट असतील आणि पुढे वाढवायचं डोक्यात असेल तरी मी म्हणेन दोनच स्टिक लावा पण मोठ्या लावा, खास करून डीडीआर५ वर, कारण तिथे चारही स्लॉट भरले की वेग दणकन पडतो. रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे आणि चार स्टिकला ३६००.

जुनी स्टिक ठेवून तिच्या जोडीला नवीन घ्यायची का? चालतं, बहुतेक वेळा चालतं. दोन्ही स्टिक हळू असलेलीच्या वेगाने चालतात. आकार वेगळे असले तरी, समजा ४ आणि ८, तरी इंटेलच्या बोर्डवर त्यातले ८ जीबी दोन्ही चॅनलवर आणि उरलेले ४ एका चॅनलवर असं वाटून चालतं. पण वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या टायमिंगच्या स्टिक कधी कधी भांडतात, पीसी चालू होतो आणि तासाभराने निळा स्क्रीन येतो. त्यामुळे जुन्या स्टिकचा फोटो काढून, लेबलवरचा पार्ट नंबर बघून अगदी तीच मिळाली तर उत्तम, नाही तर निदान तोच वेग, तेच व्होल्टेज, तेच सीएल. डीडीआर५ असेल तर मात्र मिक्स करण्यापेक्षा एका पाकिटातली जोडीच घ्या.

सेकंडहँड घेताना दोन गोष्टींपासून लांब राहा. एक म्हणजे सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅम, ती खूप स्वस्त दिसते, एकेक स्टिक ३२ जीबीची, पण साध्या डेस्कटॉप बोर्डवर ती चालत नाही. दुसरी, डीडीआर३ मध्ये फक्त एएमडीसाठी असं बारीक अक्षरात लिहिलेल्या स्टिक असतात, त्या इंटेलच्या बोर्डवर चालू होत नाहीत.

झालं, रॅम आली. आता बसवायची.

पीसी स्लीपमध्ये नाही, पूर्ण शटडाउन करा. मागचं पॉवर सप्लायचं बटण बंद करा आणि पॉवर केबल काढून टाका, कारण पीसी बंद असला तरी केबल लावलेली असेपर्यंत बोर्डवर ५ व्होल्ट स्टँडबाय चालू असतो. केबल काढल्यावर समोरचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून धरा, बोर्डवर एखादा छोटा एलईडी असेल तर तो विझताना दिसेल, म्हणजे उरलासुरला करंट गेला. मग मागच्या केबल काढा, कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवा, गालिच्यावर नको. समोरून बघताना डावीकडची बाजू बहुतेक वेळा उघडायची असते, मागचे दोन स्क्रू काढले की पत्रा मागे सरकतो.

स्टॅटिकची भीती लोक फार घालतात, मनगटाला पट्टा बांधायला सांगतात. असेल तर बांधा, नसेल तर हात लावायच्या आधी आणि मधून मधून कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात लावत राहा, घरच्या कामाला एवढं पुरतं. लोकरीचा स्वेटर मात्र काढून ठेवा. स्टिक कायम कडेने धरायची, खालच्या सोनेरी पिनांना बोट लावायचं नाही.

आत धूळ असेल तर आधी ती काढा, मऊ ब्रशने किंवा हवेने, आणि रिकाम्या स्लॉटमध्ये फुंकर घालून नाही, तोंडातली वाफ जाते. स्लॉट प्रोसेसरच्या शेजारी उभे असतात, लांबट, दोन्ही टोकांना क्लिप. काही बोर्डांना एकाच टोकाला क्लिप असते, दुसरं टोक घट्ट असतं, तिथे आधी घट्ट टोक बसवायचं आणि मग क्लिपवालं.

कुठल्या स्लॉटमध्ये लावायची हे चार स्लॉटच्या बोर्डवर लोक हमखास चुकवतात. दोन स्टिक असतील तर शेजारी शेजारी लावायच्या नाहीत, बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, बोर्डवर बारीक अक्षरात ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. एकच स्टिक असेल तर ए२. काही जुन्या बोर्डांवर पहिला आणि तिसरा असतो, स्लॉटचे रंग वेगळे असतील तर एका रंगाचे दोन पकडा, आणि मॅन्युअल असेल तर तेच शेवटचं. प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर असेल तर त्याचा पंखा पहिल्या स्लॉटच्या वर येतो, उंच हीटसिंकवाली स्टिक खाली जात नाही, साधी स्टिक साधारण ३१ मिलिमीटर उंच असते आणि ती बहुतेक ठिकाणी जाते.

आता क्लिप बाहेरच्या बाजूला दाबून उघडा. स्टिकची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा समोरासमोर आणून बघा, खाच बरोबर मधोमध नसते त्यामुळे उलटी धरली तर जुळणार नाही. जुळली की स्टिक सरळ उभी खाली सोडा, दोन्ही कडा स्लॉटच्या खोबणीत आल्या की दोन अंगठे स्टिकच्या दोन टोकांवर ठेवा आणि दाबा. इथे नवीन माणूस घाबरतो, कारण जोर वाटतो त्यापेक्षा जास्त लागतो आणि बोर्ड थोडा वाकल्यासारखा दिसतो. एक टोक, मग दुसरं टोक, खट्ट असा आवाज येतो आणि क्लिप आपोआप आत येऊन स्टिकच्या कडेच्या खाचेत बसते. क्लिप आपण बोटाने ढकलून बंद करायची नसते, ती आपोआप बंद झाली नाही याचा अर्थ स्टिक पूर्ण खाली गेलेली नाही. शेवटी डोळ्यांच्या रेषेत वाकून बघा, सोनेरी पट्टी दोन्ही टोकांना सारखीच दिसली पाहिजे, म्हणजे जवळपास दिसायलाच नको. एका टोकाला जास्त दिसत असेल तर काढून परत लावा.

पत्रा लगेच लावू नका. केबल, मॉनिटर, कीबोर्ड एवढंच लावून चालू करा. पहिल्या वेळी थोडा वेळ काळा स्क्रीन राहील, पीसी एक-दोनदा आपोआप बंद-चालूही होईल, ते ठीक आहे, बोर्ड नव्या मेमरीची टायमिंग जुळवत असतो. डीडीआर५ वर, त्यातही एएम५ बोर्डांवर, हे काम काही मिनिटं चालतं आणि याच वेळी घाबरून लोक बटण दाबून बंद करतात. थांबा. पंखे फिरतायत ना, मग दहा मिनिटं काही करू नका.

त्यानंतरही काहीच आलं नाही तर परत बंद, केबल काढा, आणि एकच स्टिक ए२ मध्ये लावून बघा, मग दुसरी स्टिक त्याच स्लॉटमध्ये. कुठली स्टिक किंवा कुठला स्लॉट बोलत नाही हे असंच कळतं. ठरावीक अंतराने बीप येत असतील किंवा बोर्डवर डीरॅम लिहिलेला एलईडी पेटून राहिला असेल तर बोट रॅमकडेच आहे. दहातल्या नऊ वेळा स्टिक नीट बसलेली नसते. जुन्या स्टिकच्या पिना काळपट झाल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, खोडरबरानेही निघतं पण हळू घासा आणि कण झटकून टाका. तरी नाही तर बायोस रिसेट, म्हणजे केबल काढलेली असताना बोर्डवरचा सीआर२०३२ चा चपटा सेल पाच मिनिटं काढून परत लावायचा. पीसीची तारीख-वेळ मागे गेली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. नवीन पार्ट नंबरच्या रॅमसाठी कधी कधी बायोस अपडेट लागतं, ते जुनी स्टिक लावून करून घ्यायचं.

विंडोज उघडलं की टास्क मॅनेजरमध्ये परत जा. एकूण रॅम पूर्ण दिसतेय का, आणि हार्डवेअर रिझर्व्ह्डमध्ये किती. तिथे काहीशे एमबी असणं नॉर्मल आहे, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सने घेतलेली असते. पण १६ लावली आणि ८ रिझर्व्ह्ड दाखवतंय असं असेल तर आधी स्टिक काढून परत लावा, मग एमएसकॉन्फिगमध्ये बूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम मेमरीवर कोणी टिक करून ठेवलीय का बघा, असेल तर काढा.

वेगही तिथेच दिसतो. ३२०० ची रॅम २१३३ वर चालताना दिसली तर बायोसमध्ये जा, चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं, आणि एक्सएमपी चालू करा. एएमडीच्या बोर्डांवर याचंच नाव डीओसीपी किंवा एक्सपो असतं. सेव्ह करून बाहेर या. चालू केल्यावर पीसी हँग व्हायला लागला तर एक पायरी खालचा वेग हाताने टाका, ३६०० च्या जागी ३४६६ किंवा ३२००, प्रत्यक्ष वापरात हा फरक कळणारही नाही.

आणि टेस्ट केल्याशिवाय काम झालं असं समजू नका. खराब रॅमचा त्रास असा की पीसी व्यवस्थित चालतो आणि मधूनच एखादी फाइल करप्ट होते, कारण सापडत नाही. विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहे, सर्चमध्ये टाइप करा, रीस्टार्ट होऊन तपासतं, पण ते वरवरचं आहे. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून बूट करा आणि रात्रभर चालू ठेवा. सकाळी एररचा आकडा शून्य पाहिजे, एक-दोन चालतील असं काही नसतं. एररचा आकडा दिसलाच तर एक्सएमपी बंद करून परत चालवा, तेव्हा शून्य आला तर आधी वेग कमी करून बघा, स्टिक ठीक असू शकते. एक्सएमपी बंद असतानाही एरर आले तर एकेक स्टिक वेगळी टेस्ट करा, जी नापास होईल ती वॉरंटीत द्या. बिल आणि पाकीट तोपर्यंत जपून ठेवा, चांगल्या कंपन्यांच्या रॅमला बहुतेक वेळा लाइफटाइम वॉरंटी असते पण सिरियल नंबरचं स्टिकर फाडलंत तर ती मिळत नाही.

टेस्ट पास झाली की मग पत्रा लावा. काढलेली जुनी स्टिक नव्या रॅमच्या पाकिटात घालून, वर पेनने पिढी आणि जीबी लिहून ठेवा, पुढे कधी पीसी चालू होईनासा झाला तर रॅम गेलीय की बोर्ड हे तपासायला तीच कामी येते.